रब्बी लिओ बेक : शिकवण आणि मौन

रब्बी लिओ बेक (१८७३–१९५६) यांची गणना विसाव्या शतकातील उदारमतवादी यहुदी विचारवंतांत अग्रक्रमाने केली जाते. धर्मगुरू, अध्यापक व नीतिचिंतक या तिन्ही नात्यांनी त्यांनी कार्य केले. मात्र ही तिन्ही नाती जेथे परस्परांशी झगडली, तेथेच त्यांचे खरे मूल्यमापन करावे लागते.

हार्नाक या जर्मन पंडिताने ख्रिस्ती धर्माचे सार मांडताना यहुदी धर्माला गौण लेखले होते. त्यास उत्तर म्हणून बेक यांनी १९०५ मध्ये 'यहुदी धर्माचे सार' हा ग्रंथ लिहिला. श्रद्धा कृतीतून सिद्ध होते आणि नैतिक निर्णयाची जबाबदारी ज्याची त्याने पेलायची असते, हा त्याचा गाभा होय. मात्र १९२२ च्या 'रोमँटिक धर्म' या निबंधात त्यांनी ख्रिस्ती परंपरेला भावनाप्रधान ठरवले. हार्नाकच्या लेखनातील जो दोष त्यांनी दाखवला, तोच येथे त्यांच्याकडून घडला, असे म्हणावे लागते.

१९३३ मध्ये ते जर्मन यहुद्यांच्या प्रातिनिधिक संस्थेचे अध्यक्ष झाले. परदेशी जाण्याची संधी असूनही त्यांनी समाज सोडला नाही. बर्लिनमधील उच्च धर्मविद्यालय १९४२ मध्ये बंद पडेपर्यंत ते तेथे शिकवत राहिले. जानेवारी १९४३ मध्ये त्यांना थेरेसिएनश्टाटला नेण्यात आले. तेथेही ते बंदिवानांसमोर तत्त्वज्ञान व इतिहासावर व्याख्याने देत.

याच छावणीत त्यांना ऑश्विट्झमधील विषारी वायूच्या हत्यांची माहिती मिळाली. ती त्यांनी इतरांना सांगितली नाही. मृत्यूच्या प्रतीक्षेत जगणे अधिक यातनादायक ठरेल आणि तेथे पाठविलेल्या प्रत्येकाचे मरण निश्चितही नाही, अशी त्यांची भूमिका होती. हाना आरेंट यांनी १९६३ मध्ये या मौनावर कठोर टीका केली.

सुरक्षित जागी बसून हा निवाडा करणे सोपे आहे, हे मान्य. तरीही बेक यांच्याच कसोटीवर प्रश्न उरतो. निर्णय ज्याचा त्याने घ्यावयाचा असेल, तर त्यासाठी लागणारे सत्य दुसऱ्याने करुणेपोटी रोखून धरावे काय? आमच्या मते, येथे करुणेने शिक्षकाचे कर्तव्य मागे सारले. त्यामुळे त्यांचा ग्रंथ निकालात निघत नाही. उलट आज्ञा पाळणे किती कठीण असते, हे त्यातून अधिक स्पष्ट होते. बेक यांना केवळ संत मानणाऱ्यांनी आणि केवळ आरोपी ठरविणाऱ्यांनी हा ग्रंथ पुन्हा वाचावा.