नर्मदेवर बोट न्यायची, तर कोणाला विचारायचं?

समजा, तुम्ही चार मित्र मिळून नर्मदेतून मोटर यॉटने लांबचा प्रवास ठरवताय. झोपायला केबिन, स्वयंपाकाला छोटा ओटा, मागे इंजिन. मध्य प्रदेशात बडवानीजवळ पाण्यात उतरायचं आणि पश्चिमेकडे निघायचं. पुढे डाव्या हाताला महाराष्ट्र लागतो. नंदुरबार जिल्ह्यातले अक्राणी म्हणजेच धडगाव आणि अक्कलकुवा हे ते दोन तालुके. सुमारे 54 किलोमीटर नर्मदा आपल्या राज्याच्या सीमेवरून वाहते. निदान शाळेच्या भूगोलात ती ‘वाहते’ असं लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात इथे सरदार सरोवराचं पाणी उभं आहे.

अशा प्रवासाला निघण्याआधी माणूस पुस्तकं शोधतो. मराठीत नर्मदेवर जितकं लिहिलं गेलंय, तितकं फार थोड्या नद्यांच्या वाट्याला आलंय. गो. नी. दांडेकरांचं ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’, जगन्नाथ कुंटे यांचं ‘नर्मदे हर हर’, भारती ठाकूर यांचं ‘नर्मदा परिक्रमा : एक अंतर्यात्रा’ ही त्यातली पटकन आठवणारी नावं. हे कपाट बोटीवर न्यावं का? त्यातून वाट सापडेल का? हा प्रश्न गमतीने विचारला, तरी त्याच्या उत्तरातून आपल्या प्रवासवाङ्मयाबद्दल बरंच काही कळतं.

पहिली गोष्ट लगेच लक्षात येते. या पुस्तकांत काठ आहे, पाणी जवळजवळ नाही. परिक्रमेचा नियमच तसा आहे. नदी उजव्या हाताला ठेवून चालायचं आणि ती ओलांडायची नाही. परिक्रमावासी नावेत बसतो तो मुखापाशी, खाडी पार करून मिठीतलाईला जाताना. बाकी सगळा प्रवास पायी. त्यामुळे नदी सतत शेजारी असते, तिचं दर्शन होतं, तिच्याशी बोलणं होतं. पण ती किती खोल आहे, कुठे खडक आहे, नाव कुठे लागते, हे विचारायची वेळ लेखकावर येत नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. या परंपरेला आखणीचं वावडं आहे. सोबत पैसे ठेवायचे नाहीत, उद्याची सोय बघायची नाही, मैया देईल ते घ्यायचं. या वृत्तीची टिंगल करणं सोपं आहे, पण ते योग्य होणार नाही. तिकीट, हॉटेल, रेटिंग आणि परतीची तारीख यांनी बांधलेल्या आपल्या पिढीला ही पुस्तकं का आवडतात, ते उघड आहे. सगळं हातात ठेवण्याचा हट्ट सोडल्यावर माणसाला काय दिसतं, हे ती दाखवतात. कुंट्यांच्या पुस्तकाची पारायणं करणारे वाचक आहेत. शूलपाणीच्या झाडीत भेटलेल्या अश्वत्थाम्याची त्यांची हकिकत पटो न पटो, तिथपर्यंत वाचक त्यांच्यासोबत चालत आलेला असतो, ही लेखणीची ताकद आहे.

पण आखणी केली नाही, म्हणजे ती कोणीच केली नाही असं होत नाही. प्रवासी उद्याच्या भाकरीची चिंता करत नाही, कारण काठावरच्या कुणीतरी ती केलेली असते. सदावर्त देणाऱ्या घराने पीठ, डाळ, मीठ साठवलेलं असतं. चार माणसं अचानक दारात उभी राहिली तरी पुरेल, असा हिशोब एका बाईने मनात मांडलेला असतो. पुस्तकात हे ‘मैयाने सोय केली’ या तीन शब्दांत येतं. भक्ताच्या बाजूने ते खरंही असेल. वाचक म्हणून मात्र एवढ्याने माझं समाधान होत नाही. त्या घरात त्या वर्षी ज्वारी किती झाली होती, हे मला कळत नाही.

शूलपाणीच्या झाडीत तर हे फारच टोचतं. आजच्या नंदुरबार जिल्ह्याचा काठ म्हणजे या झाडीचाच भाग. परिक्रमेच्या साहित्यात हा प्रदेश ठरलेल्या रूपात येतो. जंगल दाट, वाट अवघड आणि ‘मामा’ लोक येऊन अंगावरच्या कपड्यांपर्यंत सगळं काढून घेतात. मग प्रवाशाला कळतं, की मैयाने आपल्याला अपरिग्रह शिकवला. एका समाजाचं दारिद्र्य दुसऱ्या माणसाच्या वैराग्याचा धडा होऊन जातं. ज्याने घोंगडी नेली, त्याला थंडी वाजत होती का, हा प्रश्न बहुतेक वेळा गळतो.

यावर कोणी म्हणेल, ही साधनेची पुस्तकं आहेत, समाजशास्त्राची नव्हेत. त्यांच्याकडून तपशील मागणं चूक आहे. या म्हणण्यात तथ्य आहे. पण भारती ठाकूर यांचंच उदाहरण घ्या. 2005-06 मध्ये त्यांनी परिक्रमा केली, पुस्तक लिहिलं आणि पुढे मंडलेश्वरजवळच्या लेपा गावी जाऊन मुलांच्या शिक्षणाचं काम उभं केलं. वाटेत दिसलेली मुलं त्यांच्या अंतर्यात्रेत अडथळा झाली नाहीत, उलट ती यात्रा पुस्तकाबाहेर चालू राहिली. म्हणजे आतलं आणि बाहेरचं एकाच लेखकात नांदू शकतं. परंपरेत जागा आहे, ती वापरली कमी गेली आहे.

आता कपाटाच्या दुसऱ्या टोकाला जाऊ. तिथे एक कायदा आहे. 2016 च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने देशात 106 नवे जलमार्ग जाहीर झाले. त्यात नर्मदा आहे, क्रमांक 73, लांबी 226 किलोमीटर. तापीही आहे, क्रमांक 100, हतनूर धरणापासून समुद्रापर्यंत 436 किलोमीटर. म्हणजे नंदुरबार जिल्ह्याला कागदावर दोन राष्ट्रीय जलमार्ग मिळाले आहेत, एक उत्तर सीमेवर आणि एक सारंगखेडा-प्रकाशावरून जाणारा.

ही अनुसूची प्रवासवर्णनासारखी वाचून बघा. एका ओळीत सुरुवातीचा बिंदू, शेवटचा बिंदू, अक्षांश-रेखांश. नर्मदेची ती ओळ धरणाच्या वरच्या पंधरिया गावापासून निघते आणि थेट खंभातच्या आखातात पोचते. मध्ये सरदार सरोवराची भिंत आहे. यॉट त्या भिंतीपलीकडे कशी उतरवायची, हे त्या ओळीत नाही. तापीच्या ओळीतही सारंगखेड्याचं बॅरेज, प्रकाशाचं बॅरेज, उकाईचं धरण कुठे दिसत नाही. ‘मैया नेईल’ ही श्रद्धा इथे निदान शब्दांत तरी व्यक्त होत नाही, पण आखणी जवळपास तितकीच अधांतरी आहे.

आणि या अनुसूचीचं रंगीत भावंड म्हणजे क्रूझचं माहितीपत्रक. जानेवारी 2023 मध्ये वाराणसीहून निघालेल्या ‘गंगा विलास’ने 51 दिवसांत सुमारे 3,200 किलोमीटरचा प्रवास दिब्रुगढपर्यंत आखला, तेव्हापासून नदीवरच्या चैनीच्या प्रवासाला आपल्याकडे नवी झळाळी आली. नर्मदेच्या जलाशयातून केवडियाच्या पुतळ्यापर्यंत क्रूझ नेण्याच्याही योजना जाहीर झाल्या. अशा माहितीपत्रकांची भाषा तुम्ही मोबाइलवर पाहिली असेलच. शांत पाणी, अस्पर्शित डोंगर, आदिवासी संस्कृतीची झलक. ‘अस्पर्शित’ हा शब्द सातपुड्याच्या या काठाला लावायला फार मोठं विस्मरण लागतं. महाराष्ट्रातली 33 गावं या धरणाने बाधित झाली. मणिबेलीपासून सुरू झालेली बुडिताची ती कहाणी देशाने पाहिली. जुनं शूलपाणेश्वराचं मंदिर पाण्याखाली गेलं आणि नवं गोऱ्याजवळ बांधलं गेलं. ज्या झाडीत परिक्रमावासी लुटले जात, तिचा मोठा भाग आज तुमच्या यॉटच्या तळाखाली असेल.

दोन्ही प्रकारचं लेखन एकमेकांच्या अगदी विरुद्ध वाटतं. एक म्हणतं काहीच ठरवू नका, दुसरं म्हणतं आम्ही सगळं ठरवलंय. पण दोन्हींत काठावरचा माणूस प्रवाशाच्या अनुभवाचा भाग म्हणून येतो. त्याला त्या पाण्याबद्दल काही माहीत असेल, हे दोघांच्याही मनात फारसं येत नाही.

खरी आखणी करायला बसलं, की हे चित्र उलटतं. जलाशयाची लांबी 214 किलोमीटर. ताशी 12 किलोमीटरने चाललं तर 18 तास. कॅलेंडरवर दोन दिवस. मग पाण्याची पातळी बघा. पूर्ण भरलेल्या सरोवराची पातळी 138.68 मीटर. सप्टेंबर 2019 मध्ये ती पहिल्यांदा गाठली गेली. किमान पातळी 110.64 मीटर. दरवर्षी पाणी इतकं खाली जातंच असं नाही, पण जाऊ शकेल तो फरक 28 मीटरचा आहे, म्हणजे नऊ मजली इमारतीएवढा. ऑक्टोबरमध्ये जिथे बोट लागते, ती जागा मे महिन्यात डोंगराच्या मध्यावर लटकलेली असते. जिथे निर्धास्त खोल पाणी होतं, तिथे जुन्या झाडाचा बुंधा पंख्याला लागू शकतो. काठ दर महिन्याला बदलतो आणि त्याचा छापील नकाशा बाजारात मिळत नाही.

मग विचारायचं कोणाला? जो रोज या पाण्यावरून जातो त्याला. या काठावर बोट हीच एसटी आहे. आरोग्य खात्याचा तरंगता दवाखाना आणि बोट ॲम्ब्युलन्स याच पाण्यातून पाड्यांपर्यंत जातात. 2020 मध्ये चिमलखेडीच्या एका अंगणवाडी सेविकेची बातमी देशभर गेली. कोरोनाच्या भीतीने गरोदर बाया आणि लहान मुलं अंगणवाडीत येईनात, म्हणून ती स्वतः होडी वल्हवत अलीघाट आणि दादरच्या वस्त्यांवर जात होती, येऊन-जाऊन 18 किलोमीटर. आपण ती बातमी ‘जिद्दीची कहाणी’ म्हणून शेअर केली. जलप्रवासाच्या भाषेत वाचली, तर त्या पाण्यातला एक मार्ग तिला वाऱ्या-लाटांसकट पाठ होता, असा तिचा अर्थ होतो. आणि तिला इंजिन मिळालं नव्हतं.

जानेवारी 2019 मध्ये संक्रांतीच्या दिवशी धडगाव तालुक्यात भूषा इथे माणसांनी खच्चून भरलेली बोट उलटली. पर्वाच्या स्नानासाठी आलेले भाविक होते त्यात, मुलंही गेली. 2021 च्या अंतर्देशीय जहाज कायद्याने यांत्रिक नावांची नोंदणी, तपासणी, जीवरक्षक साधनं यांचे नियम 1917 च्या जुन्या कायद्याच्या जागी आणले. तुमच्या यॉटला ते सहज पाळता येतील. प्रश्न त्या बोटीचा आहे, जिच्यात माणसं दुसरी फेरी मिळेल याची खात्री नसते म्हणून एकाच फेरीत चढतात. लांबच्या प्रवासाची आखणी करणाऱ्याला हे कळलं नाही, तर त्याला पाणी कळलेलं नाही.

म्हणून नर्मदेवर जाणाऱ्याने परिक्रमेच्या पुस्तकांशेजारी आणखी एक पुस्तक ठेवावं असं मी म्हणेन. नंदिनी ओझा यांचं ‘लढा नर्मदेचा’ 2017 मध्ये आलं. निमगव्हाणचे केशवभाऊ वसावे आणि केवलसिंग वसावे गुरुजी यांनी सांगितलेला तो मौखिक इतिहास आहे. ग्रंथालयात ते आंदोलनाच्या पुस्तकांत सापडेल. मी ते नदीचं पुस्तक म्हणून वाचतो. इथे काठ सांगणारा काठावरचाच आहे. नदी त्याला दर्शनासाठी भेटत नाही. शेत, जंगल, नातीगोती आणि मग बुडीत यांच्या हिशोबात ती येते. शहाद्याकडचे कवी वाहरू सोनवणे यांनी ‘स्टेज’ या कवितेत आपलं दुःख इतरांनीच व्यासपीठावरून सांगण्याबद्दल जे विचारलं, ते आपल्या नर्मदेच्या कपाटालाही लागू पडतं. काठ बोलतो तेव्हा तो वर्णनाला मागून जोडलेला तपशील राहत नाही, पुस्तकाची रचनाच बदलते.

आखणी रूक्ष असते, तिचं साहित्य होत नाही, असं समजायचं कारण नाही. जेरोम के. जेरोमच्या 1889 च्या ‘थ्री मेन इन अ बोट’मधली सामान भरण्याची धमाल टेम्सइतकीच लक्षात राहते. कमांडर दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्यांच्या ‘द फर्स्ट इंडियन’मध्ये गोव्यात नौका बांधून घेण्याची आणि तयारीची हकिकत समुद्राइतकीच रंगते. कारण तयारीत माणूस कोणाकोणावर अवलंबून आहे, ते उघड होतं. सुतार, वेल्डर, हवामान सांगणारा, उधारीवर माल देणारा, हे सगळे आपापल्या नावानिशी कथेत येतात.

नर्मदेवरचं असं मराठी पुस्तक अजून लिहायचं बाकी आहे. त्याचा लेखक कदाचित तुमच्यापैकीच कोणी असेल, कदाचित धडगावच्या कॉलेजात शिकणारी आणि सुट्टीत बोटीने घरी जाणारी एखादी मुलगी. यॉट मिळो न मिळो, त्या वहीची पहिली पानं आजही भरता येतील. भूषाला जाऊन विचारायचं, की मे महिन्यात बोट कुठे लागते. डिझेल कुठून येतं आणि डोंगर उतरवून कोण आणतं. रात्री वारा सुटला तर कोणत्या खाचेत थांबायचं, आणि त्या खाचेच्या खाली कोणाचं शेत होतं.