‘असे वाहन’ : निवडणूक-कायद्यातील एका विशेषणाचा अन्वय

मतदारांची मतदान-केंद्रापर्यंत फुकट ने-आण करण्यासाठी उमेदवाराने, त्याच्या प्रतिनिधीने किंवा त्यांच्या संमतीने अन्य कोणी वाहन भाड्याने घेणे अथवा मिळविणे हे लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१, कलम १२३(५) प्रमाणे भ्रष्ट आचरण होय. १९६६ च्या दुरुस्तीने त्यात ‘किंवा अशा वाहनाचा वापर’ या अर्थाच्या शब्दांची भर पडली. वादाचे मूळ ‘अशा’ या शब्दात आहे.

दर्शक विशेषणास पूर्वपद लागते. येथे ते ‘कोणतेही वाहन’ मानल्यास केवळ फुकट वापर सिद्ध करणे पुरेसे होते. ‘भाड्याने घेतलेले वा मिळविलेले वाहन’ मानल्यास ते मिळविल्याचाही पुरावा द्यावा लागतो. जोशभाई चुनीभाई पटेल विरुद्ध अन्वर बेग मिर्झा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दुसरा अन्वय स्वीकारला. त्या वेळी सरन्यायाधीशपदी पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले हिदायतुल्ला होते. वाहन मिळविणे, त्यातून मतदारांना नेणे आणि ते नेणे विनामूल्य असणे, अशा तिन्ही गोष्टी सिद्ध झाल्या पाहिजेत, असे न्यायालयाने ठरविले.

‘अशा’चा हा अर्थ व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. मात्र ‘किंवा’ या विकल्पबोधक अव्ययास न्याय मिळाला, असे म्हणता येत नाही. ‘अशा’ची मर्यादा उत्तरखंडापुरती आहे, पूर्वखंड स्वतंत्रच राहतो. तीनही घटक एकत्र मागितल्याने ‘किंवा’ हे ‘आणि’चे काम करू लागते. दोष सिद्ध झाल्यास निवड रद्द होते आणि सहा वर्षांपर्यंत अपात्रता येऊ शकते. म्हणून पुराव्याची कठोरता समर्थनीय आहे. परंतु ती कठोरता पुराव्याच्या तोलात असावी, शब्दाच्या अर्थात नव्हे.

रामटेक विधानसभा मतदारसंघातील कन्हानचेच उदाहरण घ्यावे. तेथे एखाद्या समर्थकाने उमेदवाराच्या संमतीवाचून स्वतःच्या जीपमधून शेजाऱ्यांना केंद्रावर नेले, तर या कलमाचा दोष लागत नाही. संमती होती असे म्हटले, तर ती सिद्ध कोण करणार? आणि भाडे दिले नाही, हे सांगू शकणारा मुख्य साक्षीदार तो प्रवासीच! याउलट, मतदारांनी समाईक खर्चाने वाहन भाड्याने घेण्यास कायद्याने दिलेला अपवाद यांत्रिक शक्तीवर न चालणाऱ्या वाहनापुरताच आहे. बैलगाडी त्यात बसते, जीप बसत नाही. सार्वजनिक वाहनाने स्वखर्चाने जाण्याची मुभा तेवढी वेगळी आहे.

विधिमंडळास ‘वापर’ हा स्वतंत्र दोष अभिप्रेत असेल, तर सर्वनामसदृश विशेषणाचा आश्रय न घेता पूर्ण नाम पुन्हा लिहावे. पुनरुक्ती हा काव्यात दोष असेल. कायद्यात अनेकदा तोच गुण ठरतो.