जागतिकीकरणाचा ताळेबंद आणि कापूस : जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्या मांडणीची चिकित्सा

‘जागतिकीकरणाचे फायदे व तोटे स्पष्ट करा’ हा प्रश्न पदवी स्तरावरील अर्थशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत आता कायमचा मुक्कामाला आला आहे. विद्यार्थी पानावर दोन रकाने पाडतात आणि परकीय गुंतवणूक, तंत्रज्ञान, रोजगार एका बाजूला व विषमता, चंगळवाद, लघुउद्योगांचा ऱ्हास दुसऱ्या बाजूला लिहून मोकळे होतात. फायदा कोणाचा आणि तोटा कोणाच्या निर्णयामुळे, हा प्रश्न या दोन रकान्यांत कोठेच बसत नाही. तो प्रश्न गांभीर्याने विचारणाऱ्या ग्रंथांत जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्या ‘ग्लोबलायझेशन अँड इट्स डिसकंटेंट्स’ (२००२) या ग्रंथाचे स्थान महत्त्वाचे आहे. आपल्याकडील प्राध्यापकवर्गात त्याचा उल्लेख जेवढा होतो, तेवढी त्याची चिकित्सा मात्र झालेली नाही.

ग्रंथाला वजन आले ते लेखकाच्या पदामुळेही. १९९७ ते २००० या काळात स्टिग्लिट्झ जागतिक बँकेचे मुख्य अर्थतज्ज्ञ होते. २००१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचा मुख्य रोख आंतरराष्ट्रीय नाणेनिधीवर आहे. जुलै १९९७ मध्ये थायलंडचे चलन कोसळल्यानंतर नाणेनिधीने चढे व्याजदर आणि सरकारी खर्चात कपात हे औषध सर्वच रोग्यांना दिले व त्यामुळे मंदी अधिक खोल गेली. रशियात संस्थात्मक पाया नसताना घाईने खाजगीकरण झाले व राष्ट्रीय संपत्ती मूठभरांच्या हाती गेली. उलट सप्टेंबर १९९८ मध्ये भांडवली नियंत्रणे लादणारा मलेशिया सावरला, असे ते दाखवितात. माहितीची विषमता असलेल्या बाजारात ‘अदृश्य हात’ नीट काम करीत नाही, हा त्यांचा सैद्धान्तिक आधार आहे व तो भक्कम आहे.

मात्र त्यांना जागतिकीकरणविरोधक समजणे हे वरवरच्या वाचनाचे लक्षण होय. १९९२ मध्ये जमैकाने अमेरिकी दुधाला बाजार खुला केला, त्यात तेथील दूध उत्पादकांचे नुकसान झाले असेल, पण गरीब मुलांना दूध स्वस्त मिळाले, असे तेच नमूद करतात. दुसऱ्या बाजूने, ‘इन डिफेन्स ऑफ ग्लोबलायझेशन’ (२००४) लिहिणारे जगदीश भगवती हे मुक्त व्यापाराचे कट्टर समर्थक असले, तरी भांडवलाच्या मुक्त संचाराविषयी १९९८ पासूनच साशंक आहेत. सभा-चर्चासत्रांत या दोघांना परस्परांविरुद्ध उभे केले जाते. प्रत्यक्षात त्यांच्यातील अंतर तेवढे मोठे नाही. उणीव निराळीच आहे. आंतरराष्ट्रीय संस्था आणि सामान्य उत्पादक यांच्या मध्ये जे देशांतर्गत सरकार उभे असते, त्याच्याकडे स्टिग्लिट्झ पुरेसे पाहत नाहीत. त्यांच्या ग्रंथात विकसनशील देशाचे सरकार बहुधा अटींच्या ओझ्याखाली दबलेले, म्हणून सहानुभूतीस पात्र असे येते. ही उणीव कापसाच्या उदाहरणाने तपासता येते.

कापसाचा प्रश्न स्टिग्लिट्झ यांना अपरिचित नाही. सुमारे २५ हजार अमेरिकी उत्पादकांना मिळणाऱ्या अब्जावधी डॉलरच्या अनुदानामुळे आफ्रिकेतील कोरडवाहू शेतकरी कसा नागवला जातो, हे त्यांनी ‘मेकिंग ग्लोबलायझेशन वर्क’ (२००६) मध्ये मांडले आहे. ही टीका निर्विवाद आहे. बेनिन, बुर्किना फासो, माली व चाड या देशांनी २००३ च्या कानकुन परिषदेत हाच मुद्दा लावून धरला होता. ब्राझीलने तर जागतिक व्यापार संघटनेत दावा लावला आणि २००५ मध्ये अपिलातही तो जिंकला. शेवट काय झाला? २०१४ मध्ये अमेरिकेने ब्राझीलला ३० कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटविले. दावा लढण्याची ऐपत नसलेल्या आफ्रिकी देशांच्या पदरी त्यातून काही पडले नाही. नियमाधिष्ठित व्यापाराचे गोडवे गाणाऱ्यांनी हा तपशील विसरू नये.

विदर्भाकडे वळल्यावर मात्र हे चित्र अपुरे पडू लागते. महाराष्ट्रात १९७२ पासून एकाधिकार कापूस खरेदी योजना होती. २००२ मध्ये खाजगी व्यापाऱ्यांना वाट मोकळी झाली. २००१-०२ च्या हंगामात जागतिक भाव कित्येक वर्षांच्या नीचांकाला गेले असताना आयातशुल्क अल्प होते, आणि ते वाढविण्यास व्यापार संघटनेच्या नियमांनी पुष्कळ वाव ठेवलेला होता. तो वापरला गेला नाही. त्याच २००२ मध्ये बीटी बियाण्यास मान्यता मिळाली. देशाचे उत्पादन २००२-०३ मधील १३६ लाख गाठींवरून २०१३-१४ मध्ये ३९८ लाख गाठींवर गेले व भारत मोठा निर्यातदार झाला. हा लाभ खरा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. परंतु त्याच दशकात, १ जुलै २००६ रोजी, पंतप्रधानांना विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर करावे लागले, हेही तेवढेच खरे आहे.

पुढची घटना अधिक बोलकी आहे. भाव चढू लागताच केंद्राने एप्रिल २०१० मध्ये कापूस निर्यातीची नोंदणी थांबविली आणि २०१०-११ च्या हंगामासाठी ५५ लाख गाठींची मर्यादा घातली. मार्च २०११ मध्ये जागतिक भाव पौंडाला दोन डॉलरच्या वर होता. येथील भावही वधारला, पण बाजार जेव्हा शेतकऱ्याच्या बाजूने होता तेव्हाच त्याच्यावर झाकण बसले. मार्च २०१२ मध्ये पुन्हा निर्यातबंदी आली आणि विरोधामुळे काही दिवसांत मागे घ्यावी लागली. हे निर्णय नाणेनिधीचे नव्हते. ते गिरण्यांना स्वस्त कच्चा माल मिळावा म्हणून दिल्लीत झाले. शरद जोशी यांनी ‘उणे सबसिडी’ची संकल्पना मांडून डंकेल प्रस्तावाचे स्वागत केले, त्यामागे हेच निरीक्षण होते. खुल्या बाजारावरील त्यांचा भरवसा अमेरिकी अनुदानांच्या संदर्भात भाबडा वाटतो, हे मान्य. पण डाव्या समीक्षकांनी त्यांचे निरीक्षणही त्या भरवशाबरोबर निकालात काढले, ही आपल्या वैचारिक चर्चेतील मोठीच हानी होय.

स्टिग्लिट्झ यांनी २०१७ मध्ये आपल्या ग्रंथाची सुधारित आवृत्ती काढली. तीत विकसित देशांतील कामगारवर्गाचा असंतोष आणि ट्रम्प यांचा उदय यांची भर पडली. कोरडवाहू शेतकऱ्याच्या वतीने स्वतःच्या सरकारला विचारायचा प्रश्न मात्र तसाच राहिला. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील शुल्क ५० टक्क्यांवर नेले. वस्त्रोद्योगाची निर्यात अडचणीत आली, तेव्हा केंद्राने १९ ऑगस्टपासून कापसावरील ११ टक्के आयातशुल्क माफ केले; प्रथम सप्टेंबरअखेरपर्यंत, नंतर ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत. वाढीव मुदतीचे हे तीन महिने म्हणजे विदर्भ-मराठवाड्यात वेचणी होऊन कापूस बाजारात येण्याचे महिने आहेत.