तटाआतील मृत्यू, तटाबाहेरील तपास : जयपूर १७५०–५१

मध्ययुगीन काळातील खून आणि त्याचा तपास हा कथाप्रकार गेल्या अर्धशतकात जागतिक वाचनव्यवहारात स्थिरावला आहे. एलिस पीटर्स यांची ब्रदर कॅडफेल ही कादंबरीमालिका १९७७ साली सुरू झाली, तर उंबेर्तो एको यांची ‘द नेम ऑफ द रोझ’ ही इटालियन कादंबरी १९८० साली प्रसिद्ध झाली. या कथाप्रकाराचे दोन संकेत येथे लक्षात घ्यावयाचे आहेत. पहिला स्थळाविषयीचा आहे. घटना मठ, किल्ला किंवा बंदर अशा बंदिस्त जागी घडते. तेथे माणसे आणि माल यांची ये-जा असते, पण गुपित मात्र वेशीबाहेर पडत नाही. दुसरा संकेत तपास करणाऱ्याविषयीचा आहे. एकोंचा विल्यम बाहेरून मठात येतो. पीटर्स यांचा कॅडफेल मठातच राहतो, पण त्याने बाहेरचे जग पाहिलेले असते. दोघांनाही त्या मृत्यूपासून काही मिळवायचे नसते, आणि वाचकाचा त्यांच्यावरील विश्वास या निर्लोभतेवर उभा असतो.

तपास करणाऱ्याचेच त्या घरी येणे बाकी असेल तर काय होते, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. त्यासाठी कल्पित कथेकडे न जाता जयपूरच्या इतिहासातील काही मृत्यूंकडे वळावयाचे आहे. जयपूरला समुद्र नाही. तथापि १७२७ साली सवाई जयसिंहाने वसविलेले, तट आणि दरवाजे असलेले हे व्यापारी शहर आपल्या कथेपुरते बंदरासारखेच आहे. बाहेरच्यांचे तेथे स्वागत होते, आणि प्रसंगी दरवाजे लावूनही घेतले जातात.

घटनाक्रम थोडक्यात असा. १७४३ साली जयसिंहाचा मृत्यू झाला. ज्येष्ठ पुत्र ईश्वरीसिंह गादीवर आला, पण मेवाडच्या राजकन्येचा पुत्र माधोसिंह याने गादीवर हक्क सांगितला. या वारसावादात मराठे उतरले. शिंदे आणि होळकर यांचे मत नेहमी एक नव्हते, मागणी मात्र दोघांचीही पैशाचीच होती. पुढे ईश्वरीसिंहाने आपला कर्तबगार मंत्री केशवदास खत्री याला विष देवविले. डिसेंबर १७५० मध्ये मल्हारराव होळकर थकलेल्या पैशासाठी जयपूरवर चालून आले, तेव्हा ईश्वरीसिंहाने विष घेऊन आणि सर्पदंश करवून घेऊन जीवन संपविले. माधोसिंह गादीवर आला. त्यानंतर महिनाभरातच, १० जानेवारी १७५१ रोजी, शहर पाहावयास आत गेलेल्या मराठ्यांवर नगरवासी तुटून पडले. दरवाजे बंद झाले आणि कत्तल मध्यरात्रीपर्यंत चालली. मृतांची संख्या हजारांत गेली.

येथे तीन प्रकारचे मृत्यू आहेत: एक खून, एक आत्महत्या आणि एक सामूहिक हत्या. प्रत्येकाचा ‘तपास’ वेगवेगळ्या संहितांनी केला आहे. प्रत्येक संहिता दुसऱ्याचा गुन्हा नेमका ओळखते. स्वतःचा हिशेब मात्र तपासाबाहेर ठेवते.

प्रथम लोकपरंपरा पाहू. जयपूरच्या भागात एक दोहा प्रसिद्ध आहे. थोर मंत्र्याला मारले त्याच क्षणी ईश्वरीसिंहाने राज्य करण्याची आशा सोडली, असा त्याचा आशय. दोह्याने खुनी, बळी आणि परिणाम ही तिन्ही अंगे दोन ओळींत बसविली आहेत. त्यास जोडून हरगोविंद नाटाणीची आख्यायिका येते. त्रिपोलिया बाजारातील ईसरलाट हा मनोरा राजाने नाटाणीच्या कन्येचे दर्शन व्हावे म्हणून बांधला, अशी ही दंतकथा. अपमानित बाप राजाला सांगत राहिला की लाखाची फौज माझ्या खिशात आहे. होळकर दाराशी आल्यावर म्हणाला, खिसा फाटला. मनोरा विजयाचे स्मारक म्हणून उभारला गेला असे इतिहास सांगतो. पण लोककथेला हेतू हवा असतो आणि तो ती घरच्या अब्रूत शोधते. या तपासात गुन्हेगार राजवाड्यातच सापडतो. शहराबाहेर तळ देऊन बसलेला धनको जणू ऋतूप्रमाणे येतो, त्याला कोणी जाब विचारत नाही.

दुसरी संहिता म्हणजे बूंदीचे कवी सूर्यमल्ल मिश्रण यांचे एकोणिसाव्या शतकातील ‘वंशभास्कर’ हे महाकाव्य. त्याचे आश्रयस्थान विसरून चालणार नाही. जयसिंहाने बूंदीची गादी आपल्या कह्यात आणली होती. १७४८ साली ती उम्मेदसिंहाला परत मिळाली, ती होळकरांच्या साहाय्याने. बूंदीच्या राजवंशाचा कवी जयपूरच्या अंतःकलहाकडे पाहतो तेव्हा तो तटस्थ साक्षीदार असू शकत नाही. जयपूरचा ऱ्हास हा त्याच्या आश्रयदात्याच्या घराण्याला मिळालेला न्यायही असतो.

तिसरी संहिता आपली, म्हणजे मराठी पत्रांची. गो. स. सरदेसाई यांनी पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड १९३० च्या दशकारंभी प्रसिद्ध केले. त्यांत या प्रसंगासंबंधीची पत्रे आहेत. जदुनाथ सरकारांनी मोगल साम्राज्याच्या ऱ्हासाच्या इतिहासात ही पत्रे आणि ‘वंशभास्कर’ एकमेकांशेजारी ठेवून वाचली. हे काम तौलनिक साहित्याभ्यासकानेही आदर्श मानावे असे आहे. मराठी पत्र हा तळावरचा लेखनप्रकार. लिहिणारा तटाबाहेर असतो, आतील बातमी त्याला दरवाज्यातून गळून मिळते आणि ती धन्याच्या कामापुरती मांडायची असते. म्हणून त्यात एक विलक्षण तुटक नेमकेपणा येतो. राजाचा मृत्यू आणि येणे रक्कम या दोन्ही गोष्टी तेथे एकाच स्वरात येतात.

केशवदासाचा सूड हेही होळकरांच्या चालीचे एक कारण म्हणून सांगितले जाते. ते मान्य केले तर होळकर हे या कथेतील बाहेरून आलेले तपासकर्ते ठरतात. खून झाला आहे, खुनी गादीवर आहे आणि त्याला जाब विचारणारा दाराशी उभा आहे. परंतु त्याच्या एका हातात न्यायाची मागणी आहे आणि दुसऱ्या हातात बाकीचा कागद. ईश्वरीसिंहाला यांपैकी कोणत्या हाताचे भय वाटले, हे ठरविता येत नाही. न्याय आणि वसुली एकाच तोंडाने बोलू लागल्या की आरोपीला कबुलीचा मार्ग उरत नाही, हे मात्र म्हणता येते.

जानेवारीतील कत्तलीचे वाचन याच प्रकाशात करावयास हवे. माधोसिंहाने हा जमावाचा अनिवार उद्रेक होता असे सांगून हात झटकले. कट होता की क्षोभ होता, हा प्रश्न मराठी वाचक साहजिकच विचारतो आणि आपल्या मृतांसाठी तो विचारलाच पाहिजे. तथापि या संतापाची सामग्री महिनाभर आधी, एका राजाच्या मृत्यूच्या रात्री, साठली होती. त्या मृत्यूतील आपला वाटा आपण ‘स्वारी’ आणि ‘मामलत’ या शब्दांत ठेवून दिला. कत्तलीला मात्र ‘दगा’ म्हटले. शब्दांची ही वाटणी हाच खरा पुरावा होय.

मराठी परंपरेत याहून वेगळा तपास नाही असे नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्याची चौकशी रामशास्त्री प्रभुणे यांनी केली आणि दोष सत्ताधारी रघुनाथरावांपर्यंत नेला. कृ. प्र. खाडिलकरांनी ‘भाऊबंदकी’ (१९०९) या नाटकात त्या प्रसंगाला रंगभूमीवर स्थान दिले. रामशास्त्र्यांचे मोठेपण त्यांच्या तर्कबुद्धीइतकेच त्यांच्या जागेत आहे. ते आतले होते. ज्याच्या विरुद्ध निर्णय द्यायचा त्याच्याच राज्याचे अन्न खात होते, आणि तो निर्णय देऊन पद सोडण्याची त्यांची तयारी होती. विल्यम किंवा कॅडफेल यांची निर्लोभता लेखकाने त्यांना बहाल केलेली आहे. रामशास्त्र्यांना ती किंमत देऊन मिळवावी लागली.

शनिवारवाड्यातील खुनाला मराठीने रामशास्त्री दिला, जयपूरच्या मृत्यूंना दिला नाही. कारण तेथे आरोपीच्या पिंजऱ्यात घरचा एक पुरुष नव्हता, तर घराची मिळकत उभी होती. या विषयावर उद्या कोणी मराठीत ऐतिहासिक रहस्यकथा लिहिलीच, तर तिचा नायक तटाबाहेरच्या छावणीतील एखादा कारकून असावा असे वाटते. राजाच्या मृत्यूची बातमी त्याने नुकतीच लिहून काढली आहे आणि त्याच कागदावर, त्याच शाईने, त्याला आता बाकीचा आकडा लिहायचा आहे. त्याची लेखणी तेथे क्षणभर थांबते की नाही, यावर त्या कथेतील तपास अवलंबून राहील.