काचेआडची माणसं आणि एक धोटा

भायखळ्याच्या राणीबागेत जनावरं बघायला आपली माणसं पिढ्यान्‌पिढ्या जातात. दाराशीच भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. 1872 साली उघडलं तेव्हा नाव होतं इंग्रज राणीचं नि तिच्या नवऱ्याचं. 1975 साली भाऊ दाजींचं दिलं. नाव बदललं. नजर बदलली काय, एवढाच माझा सवाल.

बाहेर घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. साहेबाला तो विलायतेला न्यायचा होता. 1864 साली उचलताना पडला नि फुटला. पुढं तुकडे सांधून इथं उभा केला. त्याच्या अंगावरचे सांधे लूट कशी चालते ते सांगतात.

आत मातीच्या बाहुल्या आहेत. मुंबईतल्या जातीजमाती, त्यांचे पोशाख, त्यांचे धंदे. करणाऱ्यांचे हात कसबी, ते मी नाकारत नाही. पण काचेआड जात म्हंजे नुसता पोशाख होऊन बसते. पागोटं कुणाचं कसं ते कळतं. पाण्याला कुणाला शिवू दिलं नाही ते कळत नाही. बाहुलीला तहान लागत नाही.

आता गिरणीतला धोटा घ्या. हातभर नाही, लाकडाचा, दोन्ही टोकं निमुळती. कांडी बदलली की विणकर धोट्याच्या भोकाला तोंड लावून धागा ओढून घ्यायचा. एकाची थुंकी दुसऱ्याच्या तोंडात. म्हणून सवर्ण कामगारांनी अस्पृश्यांना विणाई खात्यात येऊ दिलं नाही. नि पगार तिथंच जास्त होता. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल पुढाऱ्यांसमोर रोखठोक टाकला. कामगारांच्या एकीचं भाषण तिथं धोट्याशी अडलं.

माझा आजा सूतखात्यात राबला. धोटा त्याच्या हाती आलाच नाही. आज मी ज्या साच्यावर उभा राहतो त्याला धोटाच नाही, हवेच्या झोतानं धागा जातो. म्हंजे वस्तू गेली, तिच्यासंगं पुरावाही जाणार. धोट्याखाली ‘धोटा, लाकडी’ एवढीच पाटी लावली तर ती खोटी नाही, पण अर्धी आहे.

1982 च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, त्या जागी टॉवर आले. पण आपल्या माळ्यावर अजून हजेरीचं कार्ड, गेटपास, जर्मनचा डबा पडलेला असेल. भंगारात घालू नका. म्हाताऱ्यांना विचारा. वस्तू कुणाची, कुठल्या खात्यातली, कुणाला मनाई होती, ते लिहून ठेवा. ती आपली पाटी. ती घेऊन मग संग्रहालयाच्या दाराशी जाऊ. बाहुल्या बघायला नाही, हिशेब मांडायला.