पाहिले ते आणि ऐकले ते : ‘माझा प्रवास’ पुन्हा वाचताना

काल्पीच्या वाटेवरचा तो प्रसंग मराठी वाचकाला नव्याने सांगावा लागत नाही. पहाटेची वेळ, वाटेवरची विहीर, आणि लढाईत हरून आलेली, धुळीने माखलेली, पठाणी वेषातली झाशीची राणी. कोकणातला एक भिक्षुक तिच्यासाठी पाणी शेंदू लागतो. आपण विद्वान ब्राह्मण, आपण माझ्यासाठी पाणी काढू नये, अशा अर्थाचे काही बोलून ती त्याला थांबवते, स्वतः पाणी काढते आणि ओंजळीने पिते. विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’मधला हा प्रसंग मी तीसेक वर्षे वर्गात शिकवला, आणि शिकवताना दर वेळी माझा आवाज थोडा जड झाला.

एका वर्षी मागच्या बाकावरच्या मुलीने विचारले, “सर, याला पुरावा काय?” मी म्हणालो, “तो माणूस तिथं होता. आणखी काय हवं?” वर्ग हसला, ती खाली बसली. ते उत्तर मला तेव्हा फार चोख वाटले होते.

ते चोख नव्हते, हे मला माझ्याच एका आठवणीने शिकवले. पानशेतच्या पुरात आमचे नारायण पेठेतले घर गेले, तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. वडिलांच्या खांद्यावरून मला दिसलेला काळोख, आईच्या हातातला कंदील, आणि त्या उजेडात जिन्याच्या तिसऱ्या पायरीला लागलेले पाणी हे मी आयुष्यभर सांगत आलो, एकदा लिहिलेही. त्यावर एका वृद्ध वाचकाचे पोस्टकार्ड आले. मजकूर दोन ओळींचा होता : पूर आला तो दिवसाउजेडी, आपण कंदील कशाला लावला होता? त्यांचे बरोबर होते. १२ जुलै १९६१ रोजी धरण फुटले ते सकाळी, आणि पाणी शहरात चढले तेही दिवसाच. कंदील बहुधा नंतरच्या रात्रींचा, शहरात वीज नव्हती तेव्हाचा. पण आजही डोळे मिटले की मला रात्रच दिसते. मी खोटे बोललो नव्हतो. मी तिथे होतो, एवढेच.

तेव्हापासून गोडसे मी वेगळ्या रीतीने वाचू लागलो. वरसईचा हा गरीब भटजी १८५७ साली घराबाहेर पडला तो बंड पाहायला नव्हे. बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञाची वार्ता ऐकून, दक्षिणेतून घरचे कर्ज फिटेल या आशेने तो निघाला होता. बंड त्याच्या वाटेत आले. हकीकत लिहिली मात्र त्याने पंचवीसेक वर्षांनी, चिंतामणराव वैद्य यांच्या आग्रहावरून. माझ्या कंदिलाला जेवढा अवधी पुरला, तेवढा त्याच्या राणीलाही मिळालाच होता.

आपल्याकडे अशा लिखाणाकडे पाहण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एक राजवाड्यांची. १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढताना त्यांनी बखरींच्या विश्वसनीयतेवर जो आसूड ओढला, त्याचे वळ अजून गेलेले नाहीत : समकालीन अस्सल पत्र असेल तर बोला. दुसरी तऱ्हा साहित्यवाल्यांची, म्हणजे आमची. अनुभव जिवंत आहे ना, मग तारखा कसल्या विचारता? पहिली तऱ्हा रुक्ष म्हणून आम्ही तिला नावे ठेवतो. पण दुसरीत आळस किती आहे, ते आम्ही पाहात नाही.

राजवाडी तऱ्हेलाही एक अडचण आहेच. झाशीच्या वेढ्यासाठी इंग्रजांचे कागद हा पुरावा आणि भटजींची हकीकत ही आठवण, अशी वाटणी करता येत नाही. सर ह्यू रोजच्या फौजेबरोबर आलेला डॉक्टर थॉमस लो याचे पुस्तक १८६० सालचे, म्हणजे घटनेपासून दोनच वर्षांचे. तरी तोही एक माणूसच, आणि तटाबाहेरून आलेला. तटाच्या आत, लपलेल्या घरात तहान कशी लागते हे त्याला कुठून कळावे? ते गोडसे सांगतात. एप्रिल १८५८च्या त्या दिवसांत लूट कशी पाळीपाळीने झाली, आधी सोने-रुपे, मग तांब्या-पितळेची भांडी, मग कपडालत्ता आणि धान्य, हा क्रम लुटला जाणाराच लक्षात ठेवतो. झाशीच्या ग्रंथसंग्रहाचा नाश झाला, त्याची हळहळही त्या कागदांत शोधू नये. पोथीवर पोट असलेल्या माणसाला ती वाटली.

परंतु याच पुस्तकात दुसरेही गोडसे आहेत. इंग्रजांनी धर्म बुडवण्यासाठी ८४ कलमांची यादी केली, ही वाटेत कानी आलेली वार्ता ते जवळजवळ सभेला हजर असल्यासारखी सांगतात. गंगाधरराव स्त्रीवेष करीत, ही गोष्टही तितक्याच ठसक्यात येते. गंगाधरराव वारले नोव्हेंबर १८५३मध्ये. गोडसे झाशीत पोहोचले त्यानंतर चार वर्षांनी. हे ओसरीवरचे बोलणे आहे. त्याला मोल नाही असे नाही, लोक काय बोलत होते याचा तो उत्तम पुरावा आहे. पण गंगाधररावांचा नव्हे. आपण वाचक मात्र तळघरातल्या भीतीने कमावलेला विश्वास ओसरीवरच्या गप्पांनाही उधार देतो, आणि लेखकाला त्यासाठी मागावेही लागत नाही.

‘तो तिथे होता’ म्हणणाऱ्यांनी आणखी एक विसरू नये. १९०७ साली वैद्यांनी जे छापले, ते गोडसे यांचे जसेच्या तसे लिखाण नव्हते. वैद्यांनी भाषा घासली, काही गाळले, काही फिरवले. मूळ लिखाण दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली प्रसिद्ध केले. मधली ५९ वर्षे महाराष्ट्र ज्याला प्रत्यक्ष अनुभव म्हणत होता, त्यावर दुसऱ्याचा हात फिरलेला होता. ते मूळ हस्तलिखित जपले गेले ते कागदपत्रांचा आग्रह धरणाऱ्या भारत इतिहास संशोधक मंडळात, ही गंमत मला आवडते.

आता विहीर. मी स्वतःला एक गैरसोयीचा प्रश्न विचारतो : हे सांगण्यात सांगणाऱ्याला काय मिळते? लपून बसल्याची, दक्षिणेचा पैसा लुटला गेल्याची, जिवाच्या भीतीची हकीकत सांगून भटजींना काहीच मिळत नाही. लाजच पदरी येते. तिथे मी त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतो. विहिरीवर मात्र साक्षात राणी त्यांना विद्वान म्हणते. कर्ज फेडायला निघालेल्या, वाटेत नागवल्या गेलेल्या माणसाला पंचवीस वर्षांनी हे आठवते, तेव्हा ते किती घडलेले आणि किती हवेसे वाटलेले? पुस्तकातला मला सर्वांत प्रिय असलेला प्रसंगच मला सर्वांत कमी भरवशाचा वाटतो, हे लिहिताना हात अडखळतो. भेट झालीच नसेल असे मी म्हणत नाही. राणी त्या वाटेने गेली, भटजीही त्या वाटेवर होते. शंका आहे ती संवादावर.

आणि तरीही शिकवायची वेळ आली, तर मी तो प्रसंग गाळणार नाही. ‘राणी म्हणाली’ असे न म्हणता ‘गोडसे सांगतात की राणी म्हणाली’ असे म्हणेन. त्या मुलीला बसवणार नाही. वैद्यांची आणि पोतदारांची प्रत तिच्यापुढे ठेवून तिलाच ते पान दोन्हीकडे वाचायला सांगेन.

पोस्टकार्डाला मी उशिरा उत्तर पाठवले. लिहिले, की आपले म्हणणे मान्य, पूर दिवसाच आला. तिसऱ्या पायरीबद्दल मात्र मी ठाम आहे. ती मी मोजली होती. नुकताच तीनपर्यंत मोजायला शिकलो होतो, असेही पुढे लिहिले होते, मग खोडले. सहाव्या वर्षी मला शंभरपर्यंत येत असणार.