सूपवाल्याचं भांडण आणि माझं घाईतलं गृहीतक

पेटच्या मुलाखतीची तयारी करणाऱ्या दोघीतिघींनी गेल्या महिन्यात मला एकच प्रश्न विचारला: केस स्टडी निवडली की पहिली चूक कुठे होते? पुस्तकी उत्तर देण्यापेक्षा माझीच चूक सांगते. माझा विषय दूरचित्रवाणीवरचा विनोद आणि त्यात सापडणारी खरी माणसं. पहिल्या सेमिनारला मी मोठ्या उत्साहाने ‘साइनफेल्ड’ या अमेरिकन मालिकेतला सूपवाल्याचा भाग घेऊन उभी राहिले. माझं म्हणणं एका वाक्यात मावत होतं: मालिकेने एका छोट्या दुकानाची टर उडवली, दुकानाला फुकट जाहिरात मिळाली, मालक मात्र विनोदबुद्धी नसल्यामुळे उगाच रागावला.

मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं आणि दोन प्रश्न विचारले. “मालिकेच्या आधी तो किती प्रसिद्ध होता?” आणि “तो उगाच रागावला, हे तुला कोणी सांगितलं?” दोन्ही प्रश्नांना माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं तर हे आपल्याला विचारावं लागेल, असंही मला वाटलं नव्हतं. गोष्ट इतकी गोळीबंद होती की ती कुणीतरी रचलेली असू शकते, हे डोक्यातच आलं नाही.

ज्यांनी तो भाग पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ‘साइनफेल्ड’ एनबीसीवर १९८९ ते १९९८ चालली. ‘द सूप नाझी’ हा सातव्या पर्वातला भाग २ नोव्हेंबर १९९५ रोजी दाखवला गेला. लेखक स्पाइक फेरेस्टेन. न्यूयॉर्कमध्ये एक सूपवाला आहे, सूप अप्रतिम, पण नियम कडक. रांगेत उभं राहायचं, पैसे हातात तयार ठेवायचे, सूपचं नाव मोठ्याने आणि स्पष्ट सांगायचं, डावीकडे सरकायचं, सूप घ्यायचं आणि निघायचं. वायफळ बोललात तर सूप नाही. जॉर्ज ब्रेड मागतो, त्याचं सूप जातं. एलेन काउंटरवर मालकाची थट्टा करते, तिला वर्षभर बंदी होते. पुढे योगायोगाने एका जुन्या कपाटात त्याच्या सगळ्या पाककृती तिच्या हाती लागतात, आणि ती त्याला जाऊन सांगते की आता तुझा खेळ संपला. तो दुकान बंद करतो आणि अर्जेंटिनाला निघून जातो.

हा सूपवाला हवेतून आलेला नव्हता. मॅनहॅटनमधल्या पश्चिम ५५व्या रस्त्यावर, आठव्या अव्हेन्यूजवळ, ‘सूप किचन इंटरनॅशनल’ नावाचं छोटंसं दुकान होतं. १९८४ मध्ये ते सुरू करणारे अल येगानेह मूळचे इराणचे. दुकानात नियमांची पाटी होती: हवं ते सूप ठरवा, पैसे तयार ठेवा, ऑर्डर दिली की अगदी डावीकडे सरका. (पुण्यात वाढलेल्या कुणालाही ही पाटी वाचून घरी आल्यासारखं वाटेल.) मालिकेतलं ते डावीकडे सरकणं इथूनच आलं. फेरेस्टेन आधी डेव्हिड लेटरमनच्या कार्यक्रमात काम करत होते आणि त्या दिवसांत त्यांना हे दुकान माहीत झालं. भागाच्या नावातलं टोपणनाव आपण बनवलं नाही, ते तिथल्या गिऱ्हाइकांच्या तोंडी आधीपासून होतं, असं त्यांचं म्हणणं.

आता मॅडमचा पहिला प्रश्न. १९८९ मध्ये, म्हणजे मालिकेतल्या भागाच्या सहा वर्षं आधी, ‘द न्यूयॉर्कर’ने येगानेह यांच्यावर मजकूर छापला होता. १९९३ च्या ‘स्लीपलेस इन सिॲटल’ या सिनेमात वर्तमानपत्राच्या कचेरीतल्या एका बैठकीत अशा माणसाचा उल्लेख येतो, जो सूप जगात भारी करतो आणि स्वभावाने कमालीचा तुसडा आहे. म्हणजे बघा, न्यूयॉर्कचं एक वजनदार साप्ताहिक आणि हॉलिवूडचा एक गाजलेला सिनेमा, दोघांनाही हा माणूस मालिकेच्या आधीच सापडला होता. रांग आधीपासून होती. मुळात रांग होती म्हणून तर रांगेचे नियम होते, आणि नियम होते म्हणून विनोद सुचला. मी कारण आणि परिणाम यांची अदलाबदल करून बसले होते. ‘आधी काय होतं’ हा रकाना मी रिकामाच ठेवला होता आणि ‘नंतर काय झालं’ याचं सगळं श्रेय मालिकेला देऊन टाकलं होतं. सर्व्हे करणाऱ्यांना ही सवय असते. आपण ‘टेक्स्ट’वाले मात्र बेसलाइन म्हटलं की जणू ते आकडेवाल्यांचं काम, असं समजतो.

दुसरा प्रश्न जास्त अवघड निघाला, कारण त्यासाठी तो भाग नीट पाहावा लागला. मी तो तोवर सात-आठ वेळा पाहिला होता, पण हसत. नवव्यांदा वही घेऊन बसले. तेव्हा लक्षात आलं, की यातला चांगला विनोद सूपवाल्यावर नाहीच. तो गिऱ्हाइकांवर आहे. जेरी रांगेत आपल्या मैत्रिणीबरोबर उभा असतो, ती नियम मोडते, आणि जेरी चक्क तिला ओळख दाखवत नाही. एका वाटी सूपसाठी! मोठमोठ्या गप्पा मारणारी ही शहरी मंडळी काउंटरसमोर शाळेतल्या पोरांसारखी उभी राहतात. सत्ता दिसली की आपण किती लवकर रांगेत लागतो, हा त्या वीस-बावीस मिनिटांचा खरा विषय आहे आणि तो फार छान हाताळलाय. एकटा क्रेमर त्या माणसाकडे कलावंत म्हणून बघतो. तोच एलेनला मुलिगाटॉनी घ्यायला सांगतो. (हे नाव तमिळमधल्या मिरी आणि पाणी या शब्दांवरून आलंय. म्हणजे आपल्या साराचं ते लांबचं भावंडच.) क्रेमरने कौतुकाचे दोन शब्द बोलल्यावर सूपवाला विरघळतो आणि स्वतःचं जुनं कपाट देऊन टाकतो. त्याच कपाटात पाककृती निघतात. थोडक्यात, संपूर्ण भागात तो एकदाच माणसासारखा वागतो आणि त्याचीच किंमत त्याला मोजावी लागते.

हे सगळं लेखकाने मुद्दाम रचलंय की नाही, यावर वाद घालता येईल. पण येगानेह यांच्या जागी बसून हा भाग एकदा बघा. तुमची रांग, तुमची पाटी, तुमचं सूप, सगळं ओळखीचं. आणि शेवट काय? तुमच्या पाककृती एका रागावलेल्या गिऱ्हाइकाच्या हातात, दुकानाला कुलूप, आणि दुसऱ्या देशातून येऊन इथे पाय रोवलेल्या माणसाला पुन्हा देश सोडावा लागतो. त्याची उरलीसुरली सूपं फुकट मिळताहेत म्हणून सगळे धावत सुटतात, तिथे भाग संपतो. प्रेक्षक म्हणून मी हसले. दुकानदार असते तर हसले असते का, सांगता येत नाही.

त्यातही अर्जेंटिनाच का? दुसऱ्या महायुद्धानंतर अनेक नाझी गुन्हेगार तिथे पळून गेले, त्यावरचा तो विनोद आहे. म्हणजे ‘नाझी’ हा शब्द नुसता टोपणनावात राहत नाही, कथानक त्याला शेवटपर्यंत ओढत नेतं. जेरी साइनफेल्ड आणि लॅरी डेव्हिड, मालिकेचे दोन्ही कर्ते, ज्यू आहेत. आपल्याच समाजावर झालेल्या अत्याचाराचा शब्द असा सैल वापरून त्यातली भीती काढून टाकणं ही त्यांच्या विनोदाची एक जुनी रीत आहे. १९९४ च्या एका भागात जेरी आणि त्याची मैत्रीण ‘शिंडलर्स लिस्ट’ बघताना एकमेकांच्या गळ्यात पडलेले असतात, तीही त्याच जातीची गंमत. हा त्यांचा हक्क मला मान्य आहे. अडचण पुढे आहे. शब्द कर्त्यांनी स्वतःला लावून घेतला नाही, एका इराणी दुकानदाराला लावला. आपल्याकडे कडक रेक्टरला मुलं बिनदिक्कत ‘हिटलर’ म्हणतात. २०११ मध्ये ‘हिटलर दीदी’ नावाची हिंदी मालिका घरोघरी पाहिली गेली. त्यामुळे ‘एवढं काय त्यात’ ही माझी पहिली प्रतिक्रिया माझ्या कानाची होती. न्यूयॉर्कसारख्या शहरात, जिथे त्या छळातून वाचलेली माणसं आणि त्यांची कुटुंबं राहतात, तिथे दुकान चालवणाऱ्या माणसाला हा शब्द कसा ऐकू येत असेल, हा वेगळा प्रश्न आहे आणि संशोधकाने तो स्वतःच्या कानावरून सोडवू नये.

रांगेत कुणीतरी कुजबुजलेलं टोपणनाव आणि कोट्यवधी लोकांसमोर उच्चारलेलं तेच टोपणनाव, यांतही फरक आहेच. पहिलं मालकाला न ऐकल्यासारखं करता येतं. दुसरं त्याच्या दुकानाच्या पाटीवर चिकटतं.

भाग दाखवून झाल्यावर साइनफेल्ड आणि मालिकेतले काही जण त्या दुकानात गेले. येगानेह यांनी जेरीला ओळखलं, शिव्यांचा भडिमार केला, तुम्ही माझा धंदा बुडवलात म्हणाले आणि माफी मागायला लावली. साइनफेल्डने उपरोधाने माफी मागितली आणि त्यांना बाहेर काढण्यात आलं. हा प्रसंग फार लोकप्रिय आहे. पण तो आपल्यापर्यंत आला कुठून? प्रामुख्याने फेरेस्टेन यांनी तो सांगितला आणि मालिकेच्या डीव्हीडीबरोबरच्या माहितीतून तो पसरला. म्हणजे भांडणाची हकीकत भांडणातल्या एका पक्षाने, तीही पैसे देऊन विकत घ्यायच्या वस्तूत, विनोदी किस्सा म्हणून नोंदवली. तो खोटा आहे असं मी म्हणत नाहीये. येगानेह यांनी स्वतःही पुढे मुलाखतींमध्ये मालिकेवरचा राग लपवलेला नाही. पण किस्सा सांगणारा पट्टीचा विनोदी लेखक असेल तर सांगताना त्याला शेवट टोकदार होणार, हे धरून चालायचं. माझ्या सेमिनारच्या तळटीपेत मी हा प्रसंग सरळ ‘घडला’ असा लिहिला होता. आता ‘फेरेस्टेन सांगतात’ असा लिहिते. दोन शब्दांचा फरक आहे, पण व्हायव्हाला त्याच दोन शब्दांवर उभं राहावं लागतं.

इथे एक तुलना सुचते, आणि ती करताना मीही एकदा घसरले. पु. ल. देशपांड्यांनी पुणेरी दुकानदाराची जी टर उडवली ती आपल्याला पाठ आहे. चितळ्यांच्या दुकानाच्या दुपारच्या बंद वेळेवर तर किती पिढ्या विनोद झाले. २०१७ मध्ये त्यांनी दुपारी दुकान उघडं ठेवायचं ठरवलं, तर त्याचीही बातमी झाली. मग आपले दुकानदार एवढे खिलाडू आणि तो सूपवालाच तेवढा चिडका? असं मी लिहून टाकलं होतं. पण पुणेरी दुकानदार हा एक नमुना आहे. विनोद गावावर होतो, शंभर दुकानदारांत वाटला जातो, आणि करणाराही घरातलाच असतो. सूपवाल्याच्या बाबतीत वाटून घ्यायला दुसरं कुणी नव्हतं. तो एकच होता, ओळखू येणारा, आणि विनोद करणारे त्याच्या घरातले नव्हते.

राहता राहिला फायदा. गर्दी वाढली, नाव झालं, हे कबूल. २००५ पासून ‘ओरिजिनल सूपमॅन’ या नावाने दुकानांची साखळी निघाली, तीत मालिकेच्या प्रसिद्धीचा वाटा नव्हता असं कोण म्हणेल? पण त्याच वेळी पत्रकारांना बजावलं जात होतं की येगानेह यांच्यासमोर ‘तो’ शब्द काढायचा नाही. ज्या नावावर गिऱ्हाईक येतं तेच नाव मालकाला ऐकवत नाही, अशा धंद्याला ‘फायदा झाला’ म्हणायचं की ‘तोटा झाला’, हे विक्रीच्या आकड्यावरून कसं ठरणार? पुढे तर कंपनीने जाहिरातीसाठी लॅरी थॉमस यांनाच बरोबर घेतलं. हे थॉमस म्हणजे ती भूमिका करणारे नट, जिच्यासाठी १९९६ मध्ये त्यांना एमीचं नामांकन मिळालं होतं. २०१७ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याच्या थोडंच आधी कंपनीच्या अर्थविभागाच्या प्रमुखावर करचुकवेगिरीचा आरोप ठेवला गेला होता. या बुडण्याला मालिका जबाबदार नाही, आणि तुमच्या टेबलात तिच्यासाठी रकानाही नाही. म्हणून ‘मालिकेने तारलं’ आणि ‘मालिकेने बुडवलं’ असे दोनच पर्याय आखून बसू नका.

माझं आताचं मत विचाराल तर ‘द सूप नाझी’ हा उत्तम भाग आहे आणि येगानेह यांचा रागही रास्त आहे. नेम गिऱ्हाइकांच्या लाचारीवर होता, लागला दुकानदाराला. लेखकाच्या नेमाचं कौतुक करून थांबणारी समीक्षा आणि जखम दाखवून थांबणारी समीक्षा, दोन्ही मी लिहून पाहिल्या, दोन्ही अर्ध्या वाटल्या. प्रकरणाचा नवा खर्डा परवाच मॅडमना दिला. त्यात सुरुवात १९९५ पासून नाही, १९८९ च्या त्या ‘न्यूयॉर्कर’च्या मजकुरापासून केली आहे. तिथे येगानेह स्वतः भरपूर बोलतात, बहुतेक सुपांबद्दलच.